वसुलीचं टेबल, पहाटेचे चार आणि राजीनाम्याचा अर्ज

प्रश्न : वय ३९. गुहागर तालुक्यातल्या एका बँकशाखेत कर्ज आणि वसुलीचं काम बघते. वर्षभरात शाखेतली दोन माणसं कमी झाली, त्यांचं काम माझ्याकडे आलं. सकाळी साडेनऊला बसते ती रात्री आठला उठते. टार्गेट दर महिन्याला सारखंच. रात्री दहालाही ग्रुपवर वरिष्ठांचा मेसेज येतो, 'आजची वसुली किती?' पहाटे चारला जाग येते ती येतेच. छातीत धडधडतं, रविवारी दुपारनंतर पोटात गोळा येतो, मुलांवर विनाकारण ओरडते. कर्जदार सगळे ओळखीचे, काही नात्यातले, त्यामुळे देवळात किंवा लग्नात जायलाही नको वाटतं. घरची थोडी आंब्याची कलमं आहेत, पण घर चालतं माझ्या पगारावर. मिस्टर म्हणतात, नोकरी सोडून करणार काय? एका नातेवाइकाने झोपेची गोळी दिली, ती महिनाभर रोज अर्धी घेतेय. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. मी मनाने कमकुवत आहे का? राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, 'सकाळी उठूच नये' हे तुमचं वाक्य मी सगळ्यात आधी घेतो. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे बरेच जण बोलतात आणि लगेच 'तसं काही नाही हो' म्हणून पुसून टाकतात. त्याचे दोन अर्थ असतात. अंग इतकं शिणलंय की आणखी चार तास पडून राहावंसं वाटतं, हा एक. हे सगळं एकदाचं संपलं तर बरं, हा दुसरा. तुमचा कुठला, ते तुम्हालाच ठाऊक. दुसरा असेल तर आजच मिस्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. एकट्या राहू नका. कलमांच्या फवारणीची औषधं घरात असतील तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात कुलपात जाऊ देत. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि कसं, कुठे, इथपर्यंत विचार गेला असेल तर थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात जा, माझ्या किंवा कुणाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. असं सरळ विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. शिरलेला असेल तर तो बोलायला वाट मिळते, एवढंच होतं.

कमकुवत आहात का? तीन माणसांचं काम तुम्ही वर्षभर ओढलंत. कमकुवत माणसाला ते जमत नाही. तुमचं शरीर जे करतंय ते अशा परिस्थितीत कुणाचंही करेल. पण शरीराचा भाग पहिल्यांदा नीट तपासून घ्या. धडधड म्हणजे ताणच, असं कुणीही पत्र वाचून ठरवू नये, मीही ठरवणार नाही. ईसीजी काढा, रक्तदाब बघा, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासा. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं आणि थायरॉइड बिघडणं इतकं सर्रास आढळतं की 'टेन्शन आहे' म्हणून वर्षभर ढकललेली धडधड कधी कधी साध्या गोळ्यांनी थांबते. हे सगळं व्यवस्थित निघालं, तर मग ती ताणाची म्हणायची.

नातेवाइकाने दिलेल्या गोळीबद्दल मला खरी काळजी वाटते. अशा गोळ्या बहुतेक वेळा अल्प्राझोलामच्या जातीच्या असतात. दोन-चार रात्री झोप लागते, मग शरीराला सवय होते आणि तेवढ्याने भागत नाही. महिनाभर रोज घेतल्यावर त्या एकदम बंदही करू नका. एकदम बंद केल्या तर झोप उडते, धडधड आणि घबराट पूर्वीपेक्षा जोरात येते, आणि माणसाला वाटतं आजार वाढला. पट्टी डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू कमी करून देतील. तोवर मात्रा वाढवू नका आणि कुणाला त्यातली देऊ नका.

आता पहाटेचे चार. कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक रात्रीच्या उत्तरार्धात मुळातच चढत असतं आणि त्या वेळची झोपही उथळ असते. दिवसभर ताणाखाली असलेल्या माणसाला म्हणून नेमकी तेव्हा जाग येते, आणि तेव्हा मनात येणारं सगळं काळंकुट्ट असतं. पहाटे चारला काढलेला कुठलाही निष्कर्ष, नोकरीबद्दलचा असो की स्वतःबद्दलचा, दुपारी जेवल्यानंतर पुन्हा तपासून बघायचा. अंथरुणात तळमळत पडू नका. वीसेक मिनिटं गेली असं वाटलं की उठा, पडवीत किंवा माजघरात मंद उजेडात बसा, मोबाइल हातात घेऊ नका, घड्याळ बघू नका. पेंग आली की परत आडवं व्हा. आणि रात्री झोप कशीही झालेली असो, उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. लोकांना हे उलटं वाटतं. रात्री झोप नाही, मग रविवारी नऊपर्यंत झोपू द्या की, असं घरचे प्रेमाने म्हणतात. पण त्याने सोमवारची रात्र बिघडते. चहा दुपारी चारनंतर बंद. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनीही रक्तात असतो, आणि बँकेत साडेसहाला येणारा तो कटिंग तुमच्या झोपेतूनच वजा होतो.

धडधड सुरू झाली की चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, पाच मिनिटं. यात गूढ काही नाही, मिनिटाला सहा श्वास झाले की हृदयाचे ठोके खाली येतात. काउंटरवर बसूनही हे करता येतं, कुणाला कळत नाही.

पण ताई, झोप आणि श्वास यांवर थांबलो तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. कारण तुमच्या पत्रातला खरा आजार टेबलावर आहे.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये एक गोष्ट मांडली, ती मला रोज दवाखान्यात दिसते. नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त, आणि ते कधी, कसं, कुठल्या क्रमाने करायचं यातलं काहीच आपल्या हातात नाही, अशी जोडी जमली की मोडतो. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९८५ पासून मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं ते मोठ्या जबाबदारीच्या साहेबांमध्ये नव्हे, तर कामावर स्वतःचा ताबा नसलेल्या खालच्या लोकांमध्ये. तुमचं बघा. वसुलीचा जाब तुम्हाला विचारतात, पण हप्त्याची तारीख बदलणं, कर्जाची पुनर्रचना करणं, माणूस मागणं, यातला कुठलाही निर्णय तुमच्याकडे नाही.

त्यात तुम्ही कोकणात वसुली करताय. या किनाऱ्यावर पैसा दर महिन्याला येत नाही. हापूसचा मुख्य माल एप्रिल-मेमध्ये उतरतो, वाशीच्या घाऊक बाजारातून विक्रीच्या हिशेबाची शेवटची पट्टी हातात पडायला त्याहून उशीर. बँकेचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं, म्हणजे बागायतदाराच्या हातात पैसा यायच्या आधी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. वेलदूर-दाभोळकडच्या नौकामालकाने त्या दोन महिन्यांत हप्ता आणायचा कुठून? होमस्टेवाला दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात कमावतो. कुणाचं कर्ज मुंबईच्या मुलाच्या पगारावर चालतं आणि मागचं थकलेलं तो गणपतीला आला की भरतो. शिवाय ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते. माड-पोफळी आडव्या झाल्या, त्या पुन्हा लावून उत्पन्नाला यायला वर्षं जातात. चिपळुणात मी राहतो, इथल्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं तेव्हा दुकानदारांबरोबर बँकांचे कर्मचारीही माझ्याकडे येऊ लागले. त्यांच्या तक्रारी अगदी तुमच्यासारख्या होत्या.

उत्पन्न हंगामी आणि टार्गेट मासिक, ही तफावत तुमच्या मेहनतीने भरून निघणारी नाही. जुलैत तुम्ही रात्री बारापर्यंत बसलात तरी मासे येणार नाहीत. दर महिनाअखेर तुम्ही नापास होताय असं तुम्हाला वाटतं, आणि प्रश्नपत्रिकाच चुकीची आहे हे कुणी बोलत नाही. बँकिंगला हे नवीन नाही. पीककर्ज अनुत्पादित, म्हणजे हप्ते थकलेलं, ठरवताना रिझर्व्ह बँकेचे नियम ९० दिवस न मोजता पिकाचे हंगाम मोजतात. हंगामाचा हा हिशेब तुमच्या टार्गेटमध्येही यावा, एवढंच मागायचं आहे.

म्हणून एक काम करा, आणि ते मी औषधासारखं लिहून देतो. एका वहीत किंवा एक्सेलवर तुमची सगळी थकीत खाती घ्या. प्रत्येकासमोर लिहा : या माणसाचा पैसा कुठल्या महिन्यात येतो, शेवटचं बोलणं कधी झालं, काय ठरलं. आंबा, काजू, मासळी, पर्यटन, मुंबईचा पगार. हे तुम्हाला तोंडपाठ आहे, वरिष्ठांना नाही. महिन्यांच्या बेरजा मारा. मग शाखाधिकाऱ्यांकडे वेळ मागून बसा. दारात उभं राहून नको, महिनाअखेरीला तर मुळीच नको. म्हणा, 'साहेब, जून-जुलैत या यादीतून एवढंच येऊ शकतं, मे आणि सप्टेंबरमध्ये यापेक्षा जास्त येईल. वर्षाचा आकडा तोच ठेवू, महिन्यांची विभागणी बदलून वर पाठवूया का?' दुसरी गोष्ट त्याच बैठकीत : 'दोन माणसांचं काम माझ्याकडे आहे. या यादीतलं कुठलं आधी करू आणि कुठलं मागे राहिलं तर चालेल, ते तुम्ही सांगा.' जे ठरेल ते त्याच दिवशी चार ओळींच्या ईमेलने त्यांना पाठवा. भांडणासाठी नव्हे. काय मागे राहणार हे दोघांनी मिळून ठरवलेलं असलं की ते पहाटे चारला तुमच्या एकटीच्या छातीवर येत नाही.

टार्गेट बदलेलच असं मी म्हणत नाही. अनेकदा बदलत नाही, शाखाधिकारीही त्याच दडपणाखाली असतात. पण ही यादी केलेल्या लोकांची तब्येत टार्गेट न बदलताही सुधारलेली मी पाहिली आहे. जुलैतला कमी आकडा हा आपला नाकर्तेपणा नाही, हे त्यांना कागदावर दिसतं.

आपले तासही मोजा. साडेनऊ ते आठ म्हणजे दिवसाला साडेदहा तास. पाच दिवसांचे ५२.५, आणि कामाचा शनिवार आला की ६३. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. घाबरवण्यासाठी नाही सांगत. 'थोडं उशिरा निघते, एवढंच' असं आपण म्हणतो, ते एवढंच नसतं.

रात्री दहाच्या मेसेजचं काय? निघण्याआधी तुम्ही स्वतःच ग्रुपवर आजचा आकडा आणि उद्याची तीन नावं टाका आणि ग्रुप सकाळपर्यंत म्यूट करा. दहाला प्रश्न आला तरी उत्तर वर लिहिलेलं आहे. खरं तर थकबाकीदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. थकबाकीदाराची संध्याकाळ नियमाने सांभाळली जाते आणि वसुली करणाऱ्या बाईची नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान तो नियम धरून तुम्ही तुमचे फोन सातला थांबवा.

आता ओळखीच्या कर्जदारांबद्दल. पुण्या-मुंबईची पुस्तकं सांगतात, काम ऑफिसात ठेवून घरी या. मुंबईतल्या वसुली अधिकाऱ्याला लोकलमध्ये कुणी ओळखत नाही, त्याला ते जमेल. तुमच्याकडे शिमग्याला पालखी अंगणात येते आणि तिच्या खांद्याशी तुमचा थकबाकीदार असतो. ज्याला सकाळी नोटीस दिली त्याच्याच घरी संध्याकाळी हळदीकुंकू. इथे काम आणि गाव वेगळे होत नाहीत. वेगळी करता येते ती जागा आणि वेळ. वसुलीचं बोलणं फक्त शाखेत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांत. आणि हे त्यांना आधीच सांगायचं, प्रसंग येण्याची वाट न बघता : 'काका, देवळात भेटू तेव्हा मी कर्जाचं काढणार नाही, तुम्हीही काढू नका. मंगळवारी अकराला शाखेत या, निवांत बोलू.' हे एकदा बोलून बघा. तुमच्यासारखेच तेही तुम्हाला बघून वाट बदलत असतात, त्यांच्याही जिवावरचं ओझं उतरतं.

जवळच्या नात्यातली खाती दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावीत, असा लेखी अर्ज करा. हितसंबंधाचा मुद्दा आहे, बँकेला तो समजतो. यात तुमची कामचुकारी नाही. आणि देवळात, भजनाला, लग्नाला जाणं बंद केलं असेल तर ते या महिन्यात पुन्हा सुरू करा, अर्ध्या तासासाठी का होईना. माणसं तोडल्याने ताण कमी होतो असं पहिले काही दिवस वाटतं, पुढे तो दुप्पट होतो.

मुलांना सांगा की आईला शाखेत खूप काम आहे, ओरडले तर ती तुमची चूक नसते. घरी आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मागून घ्या, हातपाय धुवा, काहीतरी खा, मग दप्तरं उघडा. मिस्टरांचं बोलणं मला कठोर वाटलं नाही. कलमांना एका वर्षी मोहोर लागतो, एका वर्षी गळतो, त्यामुळे तुमचा पगार हा घराचा एकच भरवशाचा खांब आहे आणि ते घाबरलेत. राजीनाम्याचा विषय काढण्याआधी दोघांनी बसून घरखर्च, हप्ते आणि शिल्लक मांडा. काही महिने पगाराशिवाय निघतील का, हा आकडा दोघांनाही माहीत असू दे.

राजीनामा? आत्ता नाही. झोप नसलेल्या, गोळी घेणाऱ्या माणसाने असा निर्णय घेऊ नये. आधी तपासण्या आणि उपचार, दोन-तीन महिने झोप सुधारू द्या, ती यादी घेऊन बैठक होऊ द्या. गरज पडली तर वैद्यकीय रजा घ्या, ती याचसाठी असते. त्यानंतरही नोकरी सोडावीशी वाटली तर बेलाशक सोडा, तो निर्णय तेव्हा शांत डोक्याचा असेल. याला अपवाद आहेत. खोट्या नोंदी करायला किंवा आकडे फुगवायला सांगत असतील, सगळ्यांसमोर शिवीगाळ होत असेल, तर तिथे श्वास आणि वहीने काही होणार नाही. लेखी तक्रार करा, बदली मागा, आणि दाद लागली नाही तर बाहेर पडण्याची तयारी सुरू करा. लैंगिक त्रासाचा भाग असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जाता येतं.

पत्रातलं सगळं एकत्र धरलं, पहाटेची जाग, माणसं नकोशी होणं, चिडचिड, जगण्याबद्दलचं ते वाक्य, तर मला नुसत्या ताणापलीकडे नैराश्याची शंका येते. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटलंच पाहिजे. आपल्याकडे अजूनही 'रत्नागिरीला न्यायला हवं' असं टोमण्याने म्हणतात, त्या धास्तीने चांगली माणसं वर्षानुवर्षं कुढत बसतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भरती व्हायला सांगत नाही मी, साध्या बाह्यरुग्ण तपासणीत हे काम होतं. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे. नैराश्याची औषधं लागलीच तर ती त्या झोपेच्या गोळीसारखी व्यसन लावणारी नसतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्त, म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. सासूबाईंना ग्रामदेवतेला कौल लावायचा असेल तर लावू दे, गाऱ्हाणं घालू दे. त्याने घरच्यांना धीर येतो. कौल काहीही आला तरी औषध आणि तपासणी चालू ठेवायची, एवढं आधीच ठरवून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट, त्या गोळीची पट्टी आणि आठवड्याभराची झोपेची टिपणं घेऊन जा : किती वाजता आडव्या झालात, कधी जाग आली, दिवसाचा शेवटचा चहा कितीला. मिस्टरांनाही बरोबर न्या. आणि पहिली दहा मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोलायची आहेत, असं आत जातानाच सांगा.